आबांनी अंगावर घेतलेला दोष

सोनवणे आबांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या ओरडण्यानेच झाली. पारोळ्याच्या शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. वळवाचे आभाळ भरून आले, म्हणून सायकल घेऊन मैदानाकडेच्या निंबाखाली उभा राहिलो. भूगोलाचे हे ज्येष्ठ शिक्षक वर्ग सोडून भर पावसात धावत आले. "ओ मास्तर, झाड सोडा! वीज पहिले झाडलेच धुंडस!" दंड धरून त्यांनी मला व्हरांड्यात ओढले आणि डोके पुसायला स्वतःचा पंचा दिला. व्हरांड्यातली मुले हसत होती, आणि मला आबांचा रागच आला होता.

पुढे कळले, की हेच आबांचे खरे काम. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत आपल्याकडे झाडांना झोके बांधतात आणि वळवाची वादळेही त्याच दिवसांत येतात. आबा तेव्हा पारोळ्यापासून शिरपूरच्या डोंगरकडेच्या पाड्यांपर्यंत फिरत. गडगडाट ऐकू आला की शेत सोडा, झाड सोडा, पक्क्या घरात जा, एवढेच सांगत. झोक्यावरून पोरींना उतरवणारा म्हातारा म्हणून लोक त्यांची टिंगल करत. आबाही हसत आणि पुढच्या गावाला जात.

आबांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्या कार्यावर लिहायला सांगितले आहे. परंतु एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांच्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात शिक्षक आणि माजी विद्यार्थी मिळून आम्ही कोकणात समुद्रावर गेलो. माझ्या आग्रहामुळे आबांनी सहलीची जबाबदारी घेतली होती. आम्ही विहिरीत आणि तापीत पोहायला शिकलेली माणसे. नदीवर पाणी संथ दिसेल तिथेच उतरायचे, ही आमची लहानपणापासूनची सवय. समुद्रावर मात्र लाटांच्या मधला संथ पट्टाच घात करतो, किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच जोराने परत आत जाते, हे आबांनी बसमध्ये दोनदा समजावले. मी मागच्या सीटवर पत्ते खेळत होतो.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर आबा मला म्हणाले, "मी कोळी लोकसले विचारी येस. तोपर्यंत कोणी पाणीमा उतरू नका." पूर्वेला सह्याद्रीवर ढग चढत होते. माझा धाकटा भाऊ सुनील जवळ आला.

"दादा, तठे लाटाच नही शेतस. जाऊ का?"

"जाय, पण लवकर ये. आभाळ गडगडी ऱ्हायनं."

परवानगी मी दिली. सुनील गावच्या विहिरीतला सर्वांत पटाईत पोहणारा होता. ओढीने त्याला आत नेले, तेव्हा विहिरीच्या पायऱ्यांकडे यावे तसा तो सरळ माझ्याकडे पोहू लागला आणि तिथल्या तिथेच राहिला. आबा धावत आले. "आडवा पोह, सुनील! किनाराले धरीसन आडवा!" गडगडाटात त्याला काही ऐकू गेले नसावे. विजा पडू लागल्या, होडी घालणे अशक्य झाले. मग पावसात समोरचे काहीच दिसेना.

गावात बोलले गेले, की आबा पोरांना वाऱ्यावर सोडून कोळीवाड्यात फिरत होते. आबांनी एका शब्दाने खुलासा केला नाही. तेराव्याला मी त्यांना म्हणालो, "आईला खरे सांगतो." ते म्हणाले, "तुन्ही मायना एक पोऱ्या गया. दुसराकडे तरी तिले पाहू दे." मी गप्प राहिलो. मला तेच हवे होते, हे आज लिहून टाकतो.

त्यानंतर आबांना गावे बोलवेनाशी झाली. दुसऱ्याच उन्हाळ्यात शिरपूरकडच्या एका पाड्यावर त्यांना तोंडावर ऐकवले गेले, "एक पोऱ्या तुमले सांभाळता उना नही, आम्हले काय सांगतस?" आबा परत फिरले. त्याच महिन्यात तिथे मोहाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या मायलेकींवर वीज पडली. आबा बोलले असते तर त्या वाचल्या असत्या का, मला माहीत नाही. दोन दिवस आबांनी अन्न घेतले नाही, एवढे त्यांच्या पत्नीने, आमच्या अक्कांनी, मला सांगितले. तरीही मी गप्पच होतो.

गेल्या हिवाळ्यात माझी आई गेली. शेवटपर्यंत ती आबांना बोल लावत असे आणि शेवटपर्यंत आबा तिच्या तब्येतीची चौकशी करायला येत. ती तोंड फिरवून घ्यायची. मी त्यांना चहा द्यायचो.

आज आबा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या लेखाने त्यांची गेलेली वर्षे परत येणार नाहीत, त्या मायलेकी येणार नाहीत, आणि गाव आपले मत बदलेल अशीही मला आशा नाही. आबांना हा लेख मी दाखवलेला नाही. दाखवला असता तर त्यांनी तो छापू दिला नसता.

आबांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यातली उरलेली वर्षे तरी माझ्या चुकीचा दोष न वाहता जावोत. सुनीलविषयी कोणाला काही विचारायचे असेल, तर माझे घर जळगावात, पिंप्राळ्यात आहे.