सहा वाजताच्या टाळ्या

माझ्या आजाराला वेळ कळते, हे मी दोन माणसांना कधीच पटवून देऊ शकले नाही. एक माझा नवरा आणि दुसरे व्यायामवर्गाचे सर. दोघेही तब्येतीने ठणठणीत, हे वेगळं सांगायला नको.

संधिवात म्हटला की लोकांना म्हातारपणीचे गुडघे आठवतात. माझा ऱ्हुमेटॉइड, म्हणजे शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, आणि त्याला वयाशी काही देणंघेणं नसतं. सकाळी जाग येते तेव्हा बोटं सुजून ताठ झालेली असतात, मूठ वळत नाही. नवरा चहा बशीत ओतून देतो आणि मी ती बशी दोन्ही तळव्यांत धरून पिते. मग गरम पाण्यात हात बुडव, घरातल्या घरात चक्कर मार, असं करत करत साडेनऊपर्यंत सांधे सुटतात. दहा वाजता मी कुलूप लावते, बरणीचं झाकण उघडते आणि गाडीचा ब्रेकही दाबू शकते. पण नवरा आठलाच कामावर जातो. त्याला ठाऊक असलेली मी म्हणजे बशी धरून बसलेली मी.

गेल्या वर्षी दुखणं जोरावर होतं तेव्हा त्याने माझ्या स्कूटरची चावी स्वतःच्या खिशात टाकली. जरीपटक्याहून सदर भागातल्या ऑफिसात मी वर्षानुवर्षं त्या गाडीवर गेले होते. औषधं बदलली, दुखणं आटोक्यात आलं, चावी मात्र खिशातच राहिली.

"सकाळी कप धरता येत नाही तुले, अन् दहा वाजता ब्रेक कसा दाबशील?"

"अहो, दहा वाजता येते धरता. रोज सांगून राहिली."

"असं घड्याळ पाहून येणारं दुखणं मी तं कुठं पाह्यलं नाही वं."

त्याने पाहिलं नव्हतं, म्हणजे ते नव्हतंच. मी ऑटोत कोपऱ्यात अंग चोरून बसून ऑफिसला जाऊ लागले आणि रोज मनातल्या मनात त्याला चार शब्द सुनावू लागले.

डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला व्यायाम सांगितला होता. वापरले नाहीत तर चांगले सांधेही जातील, असं त्यांनी स्पष्टच बजावलं. सीताबर्डीत एक संस्था खास आमच्यासारख्यांसाठी वर्ग घेते, असं कळलं. नवरा खूश झाला. म्हणाला, "वर्ग पूर्ण कर. सरायनं म्हटलं का सुधारणा आहे, तं चावी तुझी." म्हणजे माझी चावी त्याच्या खिशातून निघून अशा माणसाच्या हातात गेली, ज्याला मी अजून पाहिलंही नव्हतं.

वर्ग सकाळी सहाला होता.

ज्यांची मूठ सहाला वळत नाही, त्यांचा वर्ग सहाला. सर कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. पांढरा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. व्यायाम पहाटेच करायचा असतो, हे त्यांना लहानपणी कोणीतरी सांगितलं होतं आणि त्यानंतर त्यांनी कोणाचं काही ऐकलं नव्हतं. ते दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन करकचून दाबत. "आत्मविश्वास हातातून हातात जातो," असं म्हणत. माझ्या हातातून काय जायचं, ते मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी हात पदरात गुंडाळून आले, तर त्यांनी खांद्यावर थाप मारली. खांदाही सांधाच असतो.

सुरुवात टाळ्यांनी व्हायची. शिट्टी वाजली की टाळ्या. सुजलेल्या हातांच्या टाळीला आवाज येत नाही, आणि सर ओरडत, "आवाज कुठे आहे? मन लावा जरा." माझ्या शेजारी जरीपटक्याच्याच एक निवृत्त शिक्षिका उभ्या असत. आम्ही एकमेकींना जय भीम करायचो तोही हात अर्धेच जोडून. एकदा त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "साडी लेक नेसवून देते मले, अन् या माणसाले टाळ्या पाह्यजे."

मी सरांना जाऊन भेटले. आजारच असा आहे की सकाळी सांधे आखडलेले असतात, तेव्हा वर्ग दुपारी चारला ठेवा, असं सरळ सांगितलं. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "ताई, आखडतात म्हणून तर सकाळी. आळस सांध्यांत नसतो, मनात असतो." त्या क्षणी माझी मूठ वळत असती तर फार बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटलं.

तरी मी वर्ग सोडला नाही, कारण चावी त्यांच्याकडे होती; नवऱ्याने त्यांना तसं सांगूनही ठेवलं होतं. पहाटे नवरा आणून सोडायचा, मी रांगेत उभी राहायचे आणि हात हलवल्यासारखं करायचे. खरा व्यायाम करायचे दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या मागच्या खोलीत. ओला स्पंज पिळायचा, भिंतीला तळवे टेकून रेटायचं, जिना चढायचा-उतरायचा. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं. शेजारच्या बाईंनाही सांगितलं, त्याही दुपारी घरी करू लागल्या. काही महिन्यांत पकड सुधारली आणि संध्याकाळी येणारा थकवा कमी झाला. व्यायामाला मी नावं ठेवत नाही. नावं ठेवते ती शिट्टीला.

शेवटी वर्गाचा समारोप ठरला. रविवारी, अकरा वाजता. प्रमुख पाहुण्यांना सकाळी लवकर जमत नव्हतं. सकाळ न जमण्याचा हक्क या शहरात फक्त प्रमुख पाहुण्यांना आहे, हे मला तेव्हा कळलं.

शाली आल्या, नारळ आले, घरच्यांना बोलावणं गेलं. नवरा दुसऱ्या रांगेत बसला होता. शिट्टी झाली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. अकराच्या टाळ्या होत्या त्या, हॉल दणाणला. हात वर गेले, मुठी वळल्या, शेजारच्या बाईंनी स्वतःचा पदर स्वतः खोचला. सरांनी माइक घेतला. "पहिल्या दिवशी या ताईंच्या टाळीला आवाज नव्हता. ही ब्राह्ममुहूर्ताची किमया आहे. आता त्यांनी खुशाल गाडी चालवावी." मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा हात खिशात गेला होता.

मला फक्त गप्प बसायचं होतं. पण सरांनी माइक माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, पुढच्या महिन्यापासून नवीन वर्ग, याच वेळेला, सहाला; ताई, दोन शब्द बोला. आणखी कितीतरी माणसं पहाटे लेकीच्या हातून साडी नेसून या शिट्टीपुढे येऊन उभी राहणार होती. माझं डोकं फिरलं.

"काल सहाले मी इथंच होती," मी म्हणाले. "माझी मूठ वळत नव्हती. आज अकरा वाजले म्हणून वळून राहिली, अन् उद्या सहाले पुन्हा वळणार नाही. मी दुपारी ऑफिसात व्यायाम करते, त्यानं फरक पडला. नवीन वर्ग चार वाजता ठेवा. सकाळी माणसं इथं नुसती उभी राहतात."

मोबाइलमध्ये बघत बसलेल्या पाहुण्यांना मी थांबल्याचं कळलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. "ताईंना भावना अनावर झाल्या," असं म्हणून सरांनी माझ्या हातात नारळ दिला. नवऱ्याचा हात खिशातून बाहेर आला होता, रिकामाच.

बाहेर माझ्या स्कूटरपाशी त्याने नारळ माझ्या हातातून घेतला.

"काल सहाले खरंच वळत नव्हती?"

"नाही."

त्याने हात पुढे केला. "दाब."

मी दाबला. इतके दिवस ऑटोत जे चार शब्द मनात म्हणत होते, ते सगळे त्या दाबण्यात घातले. "सोड वं," तो म्हणाला, हात झटकला आणि चावी काढून दिली. पटलं एकदाचं, असं मला वाटलं. मला इतका आनंद झाला की मी त्याला सगळं माफही करून टाकलं.

मी गाडी चालवत होते, तो मागे नारळ घेऊन बसला होता. व्हरायटी चौकात सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला आणि गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या आत गपकन थांबली.

"काही म्हण," तो मागून म्हणाला, "सरायनं मेहनत घेतली तुझ्यावर. नवीन वर्ग सुरू झाला का पुन्हा नाव टाकून देऊ."

"तुम्हीच जा," मी म्हणाले. "मी गाडीवर सोडून देईन तुम्हाले. पण दहाच्या नंतर."