दीड वाजेपर्यंतचे नव्याण्णव रुपये

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. पुस्तकाची किंमत नव्याण्णव रुपये, ती पाच दिवसांसाठी शून्यावर आणायची होती. हजर आम्ही दोघे: मी टेबलाशी लॅपटॉप उघडून, आणि समोर बायको, भिजवलेले वाल सोलत.

कादंबरी मीच प्रकाशित केली होती, फक्त ई-बुक म्हणून. लिहायला सहा वर्षं लागली. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसाच्या बायकोची गोष्ट. मुंबईत बावीस वर्षं काढून शेवटी ती एकटी गावी परत जाते. चार महिन्यांत चार प्रती खपल्या. त्यांतली एक माझीच, फाइल नीट उघडते का ते बघायला घेतलेली. पुस्तक जिथे विकायला ठेवलं होतं, त्या साइटवर ठरावीक दिवस ते फुकट देण्याची सोय होती. शंभर जण फुकट घेतात, त्यांतले दहा वाचतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. मला दहाही नको होते. घराबाहेरच्या एका माणसाने ती शेवटच्या पानापर्यंत वाचावी, एवढंच हवं होतं. घरातल्यांची आशा मी सोडली होती. "अहो, मोबाइलवर माझे डोळे दुखतात," असं बायकोने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने "वाचते बाबा" असं चार वेळा लिहिलं होतं.

सकाळी आठ वाजता नातेवाइकांच्या, जुन्या ऑफिसच्या आणि अंधेरीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "आजपासून बुधवारपर्यंत माझी कादंबरी मोफत. जरूर घ्या." खाली लिंक. नऊपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर चौदा अंगठे आले.

अकरा वाजता साइटवरचं त्या दिवसाच्या हिशेबाचं पान उघडलं. फुकटच्या रकान्यात शून्य आणि विक्रीच्या रकान्यात तीन.

"तीन जणांनी पैसे देऊन घेतलं," मी म्हणालो.

"फुकट असताना?" बायकोने वर न बघता विचारलं.

तेवढ्यात मुलुंडच्या साडूचा फोन.

"अरे, फुकट फुकट म्हणून बोलावतोस आणि नव्याण्णव कापतोस? भारी धंदा आहे यार तुझा!"

"कापले?"

"कापले म्हणजे काय! कार्ड जोडलेलंच असतं ना. बोट लावलं, गेले. तुझं नाव बघून डोळे झाकून दाबलं रे."

मी अटी पुन्हा काढून वाचल्या. साइटचा दिवस अमेरिकेच्या घड्याळाने सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो. हे तिथे स्पष्ट लिहिलं होतं. अटी मी दोनदा वाचल्या होत्या आणि दोन्ही वेळा शनिवार म्हणजे आपला शनिवार असं धरून चाललो होतो. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलेला माणूस मी. म्हणजे ते तिघे वाचक नव्हतेच, माझ्या शब्दावर विसंबून फसलेली माणसं होती.

लगेच दुसरा मेसेज टाकला: चूक माझी, ज्यांचे पैसे गेले त्यांनी सांगावं, मी परत देतो. साडूला तिथल्या तिथे पाठवले. सी विंगमध्ये राहणाऱ्या जिमवाल्याने नुसता नंबर पाठवला, त्यालाही दिले. तिसरं कुणी पुढे आलं नाही.

बुधवारपर्यंत दोनशे सोळा फुकट प्रती गेल्या. लिफ्टमध्ये लोक म्हणायचे, "झकास हो! डाउनलोड केलं." मी पुढचं वाक्य येईल म्हणून थांबायचो. ते पाण्याच्या टँकरविषयी असायचं. महिना उलटला तरी साइटवर एकही अभिप्राय नव्हता. संध्याकाळी एकटा फिरायला जायचो तेव्हा त्या तिसऱ्या माणसाचा विचार करायचो. पैसे परत करायचे होते हे खरं, पण त्याने मागायला येऊ नये असंही वाटत होतं. न मागण्याचं कारण वाचणं हेही असू शकतं, एवढी जागा त्यात होती.

मार्चमध्ये पिठाच्या गिरणीत आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात.

"काय हो, मोफत म्हणालात आणि माझे नव्याण्णव गेले!"

"म्हणजे तिसऱ्या तुम्ही!"

"कसली तिसरी?"

मी सगळं सांगितलं. दुसऱ्या मेसेजचंही.

"ग्रुप म्यूट आहे माझा. सकाळी पाण्याची वेळ बघते तेवढंच. त्यात तुमचं दिसलं."

मी मोबाइल काढला. "नंबर सांगा, आत्ता पाठवतो."

"राहू द्या. वाचून झालं माझं. आधी चडफडले, मग म्हटलं, आता वसूल तरी करू. फुकट मिळालं असतं तर उघडलंही नसतं."

"पूर्ण वाचलंत?"

"पूर्ण. दोनदा कंटाळले. आणि शेवटी तिला रडवलंत कशाला? नाही रडणार ती. इतक्या वर्षांनी स्वतःचं घर, आतून लावायला कडी. बरं वाटलं असेल तिला."

कुठे कंटाळलात, हे मला विचारायचं होतं. पण त्यांचा डबा भरून आला. पैशांचं मी पुन्हा काढलं, तर म्हणाल्या, "वाचलेल्या पुस्तकाचे परत घेतात का?" आणि डबा उचलून गेल्या.

माझं दळण अजून व्हायचं होतं. हवं होतं ते मिळालं होतं आणि गिरणीत ते सांगायला कुणी नव्हतं.

"तिसरी सापडली," मी घरी येऊन म्हणालो. "खालच्या मजल्यावरच्या बाई. पूर्ण वाचली त्यांनी."

"पैसे घेतले?"

"नाही."

"बरं," बायको म्हणाली, आणि पीठ चिमटीत घेऊन बघितलं. "जाड दळलंय."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या पानावरचं रडणं काढून टाकलं आणि नवी फाइल चढवली. ग्रुपवर काही लिहिलं नाही.

एकूण परत दिले एकशे अठ्ठ्याण्णव रुपये: नव्याण्णव साडूला, नव्याण्णव जिमवाल्याला.