विचार त्यांचे, हात माझे

नाशिक रोड स्टेशनवर अख्खी कॉलनी मला सोडायला आली होती. आमच्यातून जर्मनीला निघालेली मी पहिलीच. सगळे जयभीम घालत होते, आई बॅगेत चटणीचा डबा कोंबत होती आणि पप्पा एकच सांगत होते, "ॲसिडजवळ जायच्या आधी ग्लोव्हज माग. नाय दिले तर काम थांबव."

पप्पा सिन्नरच्या एमआयडीसीत ॲनोडायझिंगच्या टाक्यांवर होते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ॲसिडात सोडून करंट दिला की त्यांवर बारीक भोकांचा थर चढतो, त्या भोकांत रंग बसतो. जर्मनीत पीएचडीसाठी माझं संशोधनही तेच, फक्त भोकं केसाहून हजारपट बारीक. तो थर सोलून चाळणीसारखा काचेवर ठेवायचा, वरून सोन्याची वाफ सोडायची. चाळणी काढली की सोन्याचे ठिपके उरतात. सपाट काचेवर हे सगळ्यांनाच जमायचं. गोल भिंगावर तो पापुद्रा दरवेळी फाटायचा. आठ महिने मी त्यामागे होते. शेवटी भिंग पाण्यात ठेवलं, पापुद्रा वर तरंगत सोडला आणि पाणी थेंबाथेंबानं उतरवलं. अख्खा बसला!

या कामावरचा रिसर्च पेपर छापून आला, त्यावर चार नावं होती. माझं नव्हतं. खाली आभारात एक ओळ: प्रयोगात मदत. लॅबचे प्रोफेसर हसून म्हणाले, "विचार ग्रुपचा होता. तुझे हात मात्र फार छान आहेत."

हात! टाकी थंड ठेवायची युक्ती पप्पांनी काढली, तेव्हा कंपनीत सत्कार इंजिनिअरचा झाला होता. त्या दिवशी पप्पा घरी येऊन गुमान जेवले. मी गुमान बसणार नव्हते. काम थांबवलं. माझ्या नोंदवहीची पानं तारखांसकट विद्यापीठाच्या समितीपुढे ठेवली. पाच महिन्यांनी नाव लागलं, पहिलं. पण त्याच आठवड्यात लॅबची किल्ली परत मागितली गेली. पीएचडी मी दुसऱ्या शहरात पुरी केली. राग अजून आहे. तो जावा असं मला वाटतही नाही.

आता नोकरी इकडे जर्मनीतच. गेल्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा पप्पांना विचारलं, "टाकी तापली की थर बिघडतो, हे तुम्ही कसं ओळखायचे?"

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हे मला कंपनीत कोणी कधी विचारलं नाय."

मग दोन तास बोलले. वास, बुडबुडे, पट्टीवरची झाक. आईनं दोनदा जेवायला हाक मारली. मी लिहून घेत होते. चुकलं की ते वहीवर बोट ठेवून थांबवत होते. घर कुठं, असं मला तिकडचे आणि इकडचे, दोघंही विचारतात. मला आता ती वही आठवते, आणि तिच्यावर वाकलेले आम्ही दोघं.