वैशालीचं बिनआवाजाचं कार्ड

घरात नवी वस्तू आली की तिच्याबरोबर किस्से फुकट येतात. फ्रीज आला तेव्हा आले, मोटरसायकल आली तेव्हा आले. पण सुनेसाठी कॉम्प्युटर जुळवायला घेतला आणि एवढे किस्से झाले की आता पाहुणा टेकला रे टेकला की चहाच्या आधी तेच सुरू होतात. त्यात प्रत्येक जण आपल्या सोयीनं सांगतो. दुसऱ्याचं हसं, आपलं शहाणपण! म्हणून म्हटलं, मीच लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले. खोटं लिहायला जास्त शाळा लागते, खरं लिहायला तेवढी पुरते.

आमचं गाव कोपरगाव तालुक्यात. मुलगा संदीप साखर कारखान्यात आहे. हंगामात त्याला रात्रपाळी असते, त्यामुळे तो दुपारभर झोपतो. सून वैशाली इंजिनिअर लोकांना बंगल्यांची चित्रं करून देते. बंगल्याचा अजून पायासुद्धा खणलेला नसतो, पण हिच्या चित्रात तो रंग देऊन उभा असतो, खिडकीतून ऊन आत आलेलं असतं. हे दोघे, तीन वर्षांची नात आणि ते काम, सगळं एकाच खोलीत. दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. तिथं फोडणीच्या धुरात मशीन ठेवायचं नाही, हे मला सांगावं लागलं नाही.

*

तर वैशालीचा कॉलेजचा जुना लॅपटॉप होता. चित्र रंगवायला लागला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. संदीप उशी कानावर दाबून ओरडायचा, "रातभर मिल डोक्यावर, दिवसा ही गिरणी उशाशी! मानसानं झोपायचं कवा?"

एक दिवस लॅपटॉपनं अर्ध्या बंगल्यावर मान टाकली. नाशिकच्या ज्या ऑफिसचं काम होतं, तिथल्या साहेबांनी सांगितलं, "मॅडम, महिनाभरात चांगलं मशीन घ्या. नाहीतर इथं ऑफिसात येऊन बसा."

नाशिकला बसायचं म्हणजे तिथंच राहायचं आणि पोर इथं. त्या दिवशी वैशालीनं मुलीला दोनदा अंघोळ घातली.

संदीप म्हणाला, "मशीन आना. पन आवाज करनारं आनलं तर आठवड्यात दुकानदाराला माघारी. मंग जाऊ दे तिला नाशिकला."

मी म्हटलं, "ती नाशिकला गेली तर तुझा डबा तू भरायचा, पोरीची वेणी तू घालायची. आणि मी बघत बसणार!"

वैशालीनं मला समजावून सांगितलं, की सगळा खेळ ग्राफिक्स कार्डाचा. चित्र तेच रंगवतं, तापतं तेच आणि त्याला गार करायला पंखे ओरडतात ते त्याचेच. म्हणजे कार्ड कामाला दणकट पाहिजे, परवडलं पाहिजे आणि गप्प पाहिजे.

"अगं, एवढे गुण एका ठिकाणी मला सून शोधतानासुद्धा सापडले नाहीत!"

"सापडले की, आई," वैशाली म्हणाली. "गप्प सोडून."

*

माझे दीर अण्णा. ज्यातलं काही कळत नाही तिथं सगळ्यांच्या आधी हजर! दुसऱ्याच दिवशी रेक्झिनच्या पिशवीतून एक कार्ड घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, मासळीसारखं.

"वैनी, निम्म्यात आनलंय, निम्म्यात! नगरला एका पोराकडं हुतं."

वैशालीनं विचारलं, "अण्णा, तो पोरगा यावर काय करायचा?"

"कायतरी कॉम्प्युटरवरच पैसं तयार करायचा म्हनं. दिवसरात चालू, कधी बंद न्हाई!" हे सांगताना अण्णांची छाती फुगली होती.

वैशालीचं माहेर श्रीरामपूरचं. तिथं तिच्या ओळखीच्या विल्सनचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तिकडं नेऊन कार्ड लावून बघितलं. एक पंखा फिरला आणि दुसरा असा थरथरला की टेबलावरचा चहाचा कप चालत कडेला आला.

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही बैल घेता तेव्हा रात्रंदिवस उसाच्या गाडीला जुंपलेला घेता का?"

"न्हाई."

"मग हे कसं घेतलं?"

"बैलाचं दात बघतो, वैनी. ह्येला दातच न्हाईत, तर मी काय बघू!"

*

मग विल्सननं नवी कार्डं काढली. पहिलं बारकंसं, एका पंख्याचं, स्वस्त. मी म्हटलं, "हेच दे. जीव एवढासा, तर आवाजही एवढासाच असणार."

"उलटं असतं, मावशी. छोट्या पंख्याला फार जोरात पळावं लागतं, म्हणून तो ओरडतो. मोठे दोन पंखे असले की सावकाश फिरतात. आणि साधं काम असेल तर ते फिरतच नाहीत."

"म्हणजे बारक्या अंगाचं जास्त ओरडतं म्हण की."

विल्सननं माझ्या अंगकाठीकडं एकदा बघितलं आणि खाली मान घालून दुसरा खोका उघडला. शहाणा माणूस!

दुसऱ्या कार्डाला लाल, निळे, हिरवे दिवे होते. अण्णा लगेच पुढं सरकले. मी विचारलं, "कोणाची वरात काढायची आहे?" अण्णा मागं सरकले.

तिसरं होतं काळं, साधं, दोन पंख्यांचं. पाठीवर ॲल्युमिनियमच्या पात्यांची जाड चळत. विल्सन म्हणाला, की या कार्डाला वीज कमी लागते, म्हणून तापतंही कमी. अगदी वरच्या नंबरचं नाही, पण बंगल्याच्या चित्रांना भरपूर. वैशालीनं ते हातात घेतलं आणि खाली ठेवलंच नाही. मला कळलं, हे घरी येणार. फक्त किंमत आम्ही ठरवलेल्या आकड्याच्या थोडी पुढं होती.

"वैनी, तुमी बाजूला व्हा," अण्णा म्हणाले. "हे माज्यावर सोडा."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, विल्सनच्या हातावर टाकलं आणि आपला हात आत घातला! घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात असाच सौदा होतो. तोंडानं आकडा बोलायचा नाही, कापडाखाली बोटं दाबायची. पण हे विल्सनला कुठं माहीत! तो बिचारा गार पडला. दुकानातली चार गिऱ्हाइकं बघतायत, आणि एक मिशीवाला म्हातारा उपरण्याखाली याचा हात कुरवाळतोय. नाही म्हणावं तर म्हाताऱ्या माणसाचा अपमान. म्हणून त्यानंही प्रेमानं अण्णांची बोटं दाबली.

"ठरलं!" अण्णा ओरडले.

विल्सन घाबरून म्हणाला, "काय ठरलं? अण्णा, मी काय बोललो?"

"आता फिरू नगं. तू बोलला ते फक्त मला आन तुला म्हाईत!"

अण्णांनी आकडा सांगितला तेव्हा विल्सन खुर्चीत बसला. शेवटी मी उपरणं उचललं, अण्णांच्या खांद्यावर टाकलं आणि तोंडानं भाव केला. थोडं तो उतरला, थोडं आम्ही चढलो. निघताना त्यानं मला हळूच विचारलं, "मावशी, नेमकी किती बोटं दाबायला पाहिजे होती?"

*

पण या सौद्याच्या आधी मी एक अट घातली होती. आवाज ऐकल्याशिवाय कार्ड घेणार नाही. भांडं घेतानाही मी वाजवून घेते.

विल्सननं कार्ड मशीनला जोडलं, कामाला लावलं. आता दुकान भर रस्त्यावर. एसटीचे हॉर्न, टेम्पो, समोर रसवंतीच्या घुंगरांचा खुळखुळाट. मी म्हटलं, "यात मला माझा आवाज ऐकू येईना, कार्डाचा काय येणार! शटर ओढ."

"मावशी, भर दुपारी?"

"ओढ म्हणते ना!"

त्यानं शटर पूर्ण खाली ओढलं, डोक्यावरचा पंखा बंद केला. आत आम्ही तिघं, विल्सन आणि एक माऊस घ्यायला आलेले गुरुजी. सगळे श्वास धरून. मी कान कार्डाजवळ नेला. नुसती झुळूक! पिंपळाखाली बसल्यासारखं वाटलं.

"अण्णा, तुमच्या छातीतली शिट्टी बंद करा," मी म्हटलं. मग तर तेवढाही आवाज राहिला नाही.

वैशालीच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. मी म्हटलं, "उघड शटर. घेतलं!"

शटर वर गेलं आणि बघतो तर काय, सगळी दुकानं बंद! शेजारचं कापडाचं दुकान बंद, पलीकडचं भांड्यांचं बंद, रसवंतीवाला बैलाला पाणी पाजत उभा. एकानं शटर ओढलं की दुसरा ओढतो, तिसरा ओढतो. कशाचा बंद, हे नंतर मोबाईलवर बघायचं!

कापडवाले बोळातून डोकावून हळू आवाजात विल्सनला म्हणाले, "कोण गेलं?"

मागून गुरुजी म्हणाले, "कोणी नाही. कार्ड पास झालं!"

*

विल्सननं ते कार्ड घालून मशीन जुळवलं आणि ते घरी आलं. आता आमच्याकडं ट्रॅक्टर असो की मिक्सर, पूजा केल्याशिवाय चालू होत नाही. वैशालीनं कॅबिनेट, म्हणजे मशीनचा डबा, पाटावर आडवं ठेवलं होतं आणि नातीला आतलं दाखवायला त्याची काच काढली होती. मी हळदकुंकू बाहेरून लावलं. नारळ वाढवायला अण्णा त्याच्यावरच निघाले होते, तेव्हा मी त्यांना उंबऱ्याबाहेर नेलं. वाढवलेला नारळ उचलून मी आत येते तोवर अण्णांनी मूठभर अक्षता उधळल्या होत्या. थेट उघड्या कॅबिनेटात!

वैशालीनं वेचल्या, झटकल्या, काच लावली आणि मशीन उभं केलं. दुपारी संदीप झोपला. चित्र रंगायला लागलं आणि आतून सुरू झालं, टर्रर्र... टर्रर्र...

संदीप ताडकन उठून बसला. "झालं सुरू? ह्येलाच बिनआवाजाचं म्हनत्यात व्हय?"

वैशालीनं बाहेर जाऊन विल्सनला फोन लावला. मीही मागं गेले. त्यानं सांगितलं, की मशीन बंद करा, बॅटरी घेऊन पंख्याच्या पात्यांत बघा, काही अडकलंय का.

अडकला होता. तांदळाचा एक दाणा, कुंकू लावलेला!

चिमट्यानं काढला आणि टर्रर्र बंद. वैशालीनं पुन्हा फोन करून सांगितलं, "विल्सनदादा, अक्षत निघाली आत."

पलीकडून विल्सन म्हणाला, "ताई, तुमच्याकडं कार्डाचं लग्न कोणाशी लावलं?"

*

त्यानंतर मशीन इतकं गप्प चालायचं की चालू आहे का, हे बघायला मी त्याच्या दिव्याकडं बघायची. नाशिकचे साहेब खूष. पण संदीपची कटकट संपेना. रोज दुपारी झोपून उठला की डोळे चोळत म्हणायचा, "डोळ्याला डोळा लागला न्हाई. घर्र घर्र, घर्र घर्र. मशीन माघारी द्यायचं."

वैशाली म्हणाली, "अहो, पंख्याचा आवाजच येत नाही."

"तू काम चालू करून सयपाकघरात जाती. तुला कसा येनार? उशाशी मी असतो!"

मी म्हटलं, "संदीप, मशीन जाणार नाही."

"आई, मी पुराव्यानिशी दाखवतो," तो म्हणाला. "मोबाईलमधी आवाज भरतो आन थेट दुकानदाराला ऐकवतो. त्यो म्हनला मशीन चांगलंय, तर माजी तक्रार न्हाई. पन आवाज निघाला तर आजच्या आज माघारी!"

वैशालीनं त्याच्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं. म्हणाली, "करा की." तिनं मोठं चित्र रंगवायला लावलं आणि पोरीला घेऊन बाहेर गेली. संदीपनं मोबाईल कॅबिनेटजवळ ठेवला, चालू केला आणि आडवा झाला.

उठल्यावर त्यानं मधलंच जरासं ऐकलं. "घर्र... घर्र..." त्याला एवढा आनंद झाला! "ऐकलं? हाय का न्हाई? मी म्हनत हुतो!" लगेच कॅबिनेटच्या वायरी काढल्या, गोधडीत गुंडाळलं आणि गावातली जीप ठरवली. वैशाली दारात उभी राहिली, पण तिनं अडवलं नाही. मी जीपमध्ये चढून बसले. सुनेचं मशीन परत जाताना मी घरी बसणार नव्हते.

दुकानात गर्दी होती. संदीपनं कॅबिनेट काउंटरवर आदळलं. "बिनआवाजाचं कार्ड म्हनून विकलं न्हाई का? आता सगळ्यांनी ऐका!" आणि मोबाईलचा आवाज पूर्ण मोठा केला.

घर्रर्र... घर्रर्र... घर्रर्र...

गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघायला लागली. विल्सन मान खाली घालून शांतपणे ऐकत होता. त्यानं विचारलं, "दादा, हे कोणी रेकॉर्ड केलं?"

"मी सोता! तिथंच उशाशी हुतो, जागा!"

घर्रर्र... घर्रर्र... मग आवाज एकदम थांबला. खाट करकरली. नाकातली बारीक शिट्टी वाजली आणि मोबाईलमधून झोपेतला जाडाभरडा आवाज आला, "आई... आजून येक भाकर वाढ."

आणि परत, घर्रर्र...

विल्सननं कॅबिनेटवरची गोधडी नीट केली, तिचं टोक आत खोवलं आणि म्हणाला, "दादा, आमचं कार्ड नुसत्या लाईटवर चालतं. भाकरी मागत नाही."

संदीपनं मोबाईल खिशात घातला. कॅबिनेट उचललं, छातीशी धरलं आणि दारातून मागं न बघता म्हणाला, "आई, चल लवकर. वैशालीचं काम खोळंबलं असंल."