वस्तीचं नाव

२८ डिसेंबर, आमच्या चर्चचं आवार. नाताळच्या भजन स्पर्धेला हजर: पाळकसाहेब, दोन परीक्षक, शहरातली आणि खेड्यांतली भजनी मंडळं, आणि व्यवस्थेला मी.

निवेदकानं पुकारलं, "आता पिशोरचं मंडळ." छोट्या वस्तीला जवळच्या मोठ्या गावाच्या नावानं पुकारायची आमची पद्धतच आहे. पुढं आलेल्या बाई मात्र हातात टाळ घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

"पिशोर नाय. आमच्या वस्तीचं नाव घ्या, मग गातो."

निवेदक हसला. "मावशी, वस्तीला कोण ओळखतं?"

"बेथलेहेमला तरी कोण वळखत व्हतं, दादा? जवळ एवढं यरुशलेम असून देवानं तेच गाव धरलं."

आधी पाळकसाहेबच हसले. निवेदकानं वस्तीचं नाव घेतलं. बाईंनी पदर खोचला आणि अशा गायल्या, की शहरातली मंडळंही ठेका धरू लागली. पहिला नंबर त्यांचाच आला, बक्षिसाची ढालही त्यांनाच मिळाली.

नाव कोरण्यासाठी ढाल माझ्याकडे परत देताना त्या म्हणाल्या, "ताई, तालुका बी नको. नुसती वस्ती."

मला पटलं. जन्माला यायला देवानंही मोठ्या गावाचा आडोसा घेतला नव्हता.

ढाल कोरायला टाकायची अजून राहिली आहे.