गॅस्केटचे चाळीस बर्गर

कारखान्यात त्याला सगळे गॅस्केट म्हणतात. बावीस वर्षं तो एकाच गरम प्रेससमोर उभा आहे आणि कुकरच्या झाकणात बसणारी रबराची कडी बनवतो. नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही. तो त्या नावाला ओ देतो, आणि ओ देताना हाक मारणाऱ्याची लायकी तपासून घेतो.

मी डिस्पॅचमध्ये बसतो. खोक्यांवर चिठ्ठ्या लिहितो. साहित्याची पदवी घेतलेल्या माणसाला याहून साहित्यिक काम तिथे नाही. पहिल्याच दिवशी त्याने माझी एक चिठ्ठी उचलली, अक्षर पाहिलं, मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाला, "कवी दिसतोस." मी आयुष्यात एकही कविता केलेली नाही. तेव्हापासून मी कवी.

आमची मैत्री कशी झाली हे मला नीट सांगता येत नाही. तो सगळ्यांना तुच्छ लेखायचा आणि मीही त्या वयात तेच करत होतो. दोघांना एकमेकांची सोबत बरी वाटली असावी.

त्याचं काम मात्र बघण्यासारखं होतं. साच्यात कच्चं रबर ठेवायचं, दांडा ओढून प्रेस बंद करायचा, लगेच किंचित उघडायचा, पुन्हा बंद करायचा. असे दोन झटके. त्या झटक्यांत आतली हवा निघून जाते. हवा राहिली तर रबरात फुगा येतो आणि फुगा आला की माल भंगारात. प्रत्येक घाण्यातलं एक गॅस्केट तो ब्लेडने कापायचा आणि ट्यूबलाइटखाली धरून काप बघायचा. हे काम त्याचं नव्हतं. तपासनीस वेगळा होता, पण तोही याच्या तोंडाकडे बघून मगच शिक्का मारायचा.

"हवा म्हणजे आळस," तो म्हणायचा. "माणसात असो की मालात."

फिनिशिंगच्या टेबलावर एक मावशी होत्या. गॅस्केटच्या कडेला सुटलेली रबराची झालर त्या कात्रीने कापायच्या. त्यांची जीभ कात्रीपेक्षा धारदार. एकदा त्या म्हणाल्या, "काय रे, बायकोलापण उजेडात धरून बघितलं होतंस का?"

"बघितलं होतं," तो म्हणाला. "पास केली."

हे मी वहिनींना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी यांना पास केलं नव्हतं. माझ्या आईने केलं. तिची नजर अधू होती."

वहिनींना मी भेटलो तो त्याच्या बर्गरमुळे. रविवारी तो घरी बर्गर करायचा. दोन खोल्यांचं घर. ओट्यापाशी एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याने दारात थांबायचं. मी दारात थांबून बघायचो.

बाजारात मिळणाऱ्या बर्गरविषयी त्याचं मत ऐकण्यासारखं होतं. "वर चीजचा एक चौकोन टाकतात. पांघरूण घालतात मेल्याला. आत थंडी वाजतेच."

त्याच्याकडे चीज आत असायचं. खिमा जाडसर दळलेला, थोडी चरबी असलेला. चीजचा ठोकळा आदल्या रात्री बर्फाच्या कप्प्यात ठेवलेला. त्यातलं अर्धं तो जाड किसणीवर किसायचा आणि अर्ध्याचे वाटाण्याएवढे तुकडे करायचा. खिम्यात ते सगळं बोटांच्या टोकांनी मिसळायचा, जेमतेम एकत्र येईल एवढंच. मग हातावर सैलसर गोळा थापून मध्ये अंगठ्याने खळगा. मीठ तव्यावर जाताना, वरून. एका बाजूला चांगला रंग येईपर्यंत हात लावायचा नाही. उलटायचं एकदाच. किसलेलं चीज मांसात विरून जायचं, तुकडे आत वितळून राहायचे, आणि चुकून कडेने बाहेर आलेल्या चीजची तव्यावर तपकिरी कुरकुरीत जाळी व्हायची. त्या जाळीवरून नवराबायकोत भांडण व्हायचं.

ते बर्गर वेडेवाकडे असायचे. एक जाड, एक पसरट. पण मी इतकं चांगलं काही खाल्लं नव्हतं. तसं मी म्हटलं की तो म्हणायचा, "तुला काय कळतंय. वसतिगृहात वाढलेला तू."

मग दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. त्याचा उजवा खांदा गेला. प्रेसचा दांडा दिवसातून चारशे वेळा ओढून खांद्याचं जे व्हायचं ते झालं. हात कानापर्यंत जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी वर्षभर हे काम केलंत तर सदराही दुसऱ्याकडून घालून घ्यावा लागेल. आमच्याकडे खांदा गेलेल्या माणसाला आवार झाडायला देतात. झाडू मारायलाही खांदा लागतो, हे कुणी विचारात घेतलेलं नाही.

दुसरी गोष्ट, कँटीन चालवणारा माणूस सोडून गेला.

वहिनींनीच हे डोक्यात घेतलं. कँटीन यांना मिळावं, म्हणजे प्रेस सुटेल. त्यांनी त्याला साहेबांकडे धाडलं. साहेब आधी हसले, मग म्हणाले, "बघू. शनिवारी पाळीतल्या चाळीस जणांना तुझे बर्गर खायला घाल. लोकांना आवडले तर कँटीन तुझं."

ही बातमी कारखानाभर पसरली. मावशी म्हणाल्या, "दात घरी ठेवून येऊ की घेऊन येऊ?"

"मेंदू घरी ठेवता तसेच दातही ठेवा," तो म्हणाला.

मला वाटलं, झालं. कँटीन मिळालंच. त्याने फक्त रविवारी करतो तेच शनिवारी करायचं होतं.

शुक्रवारी दुपारी तो टूलरूममधून एक साचा घेऊन आला. ॲल्युमिनियमचा, चार खळग्यांचा, आरशासारखा घासलेला. टूलरूमवाल्याने तीन दिवस खपून केला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"चाळीस नग आहेत. हाताने थापायचे? एक जाड, एक बारीक? लोक काय म्हणतील?"

"लोक खातील, दादा."

"कवी, तू चिठ्ठ्या चिकटव."

शनिवारी सकाळी सहाला आम्ही तिघं कँटीनमध्ये होतो. तो, मी आणि वहिनी. टूलरूममधला छोटा हाताचा प्रेस त्याने उकळत्या पाण्याने तीनदा धुऊन टेबलावर बसवला होता. मोठ्या पातेल्यात खिमा आणि चीज. आणि तो मळत होता. बोटांच्या टोकांनी नव्हे, मनगटापर्यंत हात घालून. डाव्या हाताने जोर लावत होता, कारण उजवा चालत नव्हता.

"अहो, गच्च करू नका," वहिनी म्हणाल्या.

"प्रत्येक घासात चीज सारखं आलं पाहिजे."

"घरी कुठे सारखं येतं? तरी चाटूनपुसून खाता."

"तुला प्रेसमधलं काय कळतं?"

"मला खिम्यातलं कळतं."

तो मळत राहिला. पातेल्यातल्या त्या पदार्थाला आता खिमा म्हणणं कठीण होतं. गुलाबी, गुळगुळीत, चिकट. चीज कुठे दिसेना. तो वजनकाट्यावर एकेक गोळा तोलून साच्यात ठेवू लागला. प्रेस खाली. किंचित वर. पुन्हा खाली. मी त्या दोन झटक्यांकडे बघत राहिलो. तो खिम्यातली हवा काढत होता.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी पुस्तकं वाचलेला माणूस. पण मला त्या क्षणी नीट कळलंही नाही, आणि कळलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता. चाळीस चकत्या ताटांत रचल्या होत्या. सगळ्या एका जाडीच्या, एका वजनाच्या, कडा धारदार.

तव्याला सगळं कळलं. चकत्या आक्रसल्या. मधोमध फुगल्या आणि कडेने आत ओढल्या गेल्या. चीजला आत थांबायला जागाच उरली नव्हती. ते तेल होऊन बाहेर आलं आणि जळालं. वहिनी उलथण्याने एकेक उलटत होत्या आणि उलटताना थपकन आवाज येत होता. मांसाचा असा आवाज येत नाही.

बारा वाजता लोक आले. बसले. खायला लागले. मग कँटीन शांत झालं. चाळीस माणसं चावत होती. चावून संपेना म्हणून कुणाला बोलता येत नव्हतं.

पहिल्यांदा तोंड मोकळं झालं ते मावशींचं. त्यांनी पावातून चकती काढली, दोन बोटांत धरून वाकवायला गेल्या. ती वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

"सवय जात नाही हो," त्या म्हणाल्या. "कुकरला लावा, शिट्टी येईल."

मग जो हशा झाला तो बराच वेळ चालला. तपासनीस, जो आजवर त्याच्यासमोर मान खाली घालत आला होता, त्याने खिशातून शिक्का काढून चकतीवर मारल्यासारखं केलं. एकाने ती जमिनीवर टाकून पाहिली. उसळली असती तर निदान करमणूक झाली असती. ती पडली आणि पडून राहिली.

मला माणसांची किळस आली. त्यांची आणि त्याचीही. चांगलं करता येत असताना वाईट करायला इतकी मेहनत घेणारा माणूस मी पाहिला नव्हता.

तो मात्र शांत होता. त्याने एक चकती घेतली, खिशातल्या ब्लेडने बरोबर मधून कापली आणि ट्यूबलाइटखाली धरली.

"एक फुगा नाही," तो म्हणाला. "यांना दाखव."

मी कुणाला दाखवलं नाही. त्याने उभ्याउभ्या ती सगळी खाल्ली. फार वेळ लागला.

लोक पांगल्यावर मी साहेबांकडे गेलो. त्यांना सांगितलं की हे यांचे बर्गरच नव्हेत. घरी हाताने करतात ते वेगळे, मी स्वतः खाल्ले आहेत. साहेब वाईट माणूस नव्हते. माझ्याबरोबर कँटीनमध्ये आले आणि म्हणाले, "गॅस्केट, बुधवारी पुन्हा कर. घरी करतोस तसे. साचाबिचा नको. लोकांना मी सांगतो."

तवा खरवडणाऱ्या वहिनींचा हात थांबला.

तो साचा पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "नाही जमणार, साहेब. हाताने केलेला माल मी पास करत नाही."

"अरे, खायचंय ते."

"म्हणूनच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि निघून गेले. खांदे उडवता येणारी माणसं किती सुखी असतात, असं काहीतरी माझ्या मनात आलं.

वहिनींनी उलथणं ठेवलं. आवाज चढवला नाही. "अहो, तुमचा खांदापण त्या साच्यातनंच काढलाय का? म्हणजे दुसरा मिळेल. तीन दिवसांत करून देतील टूलरूमवाले."

त्याने तेलाची बाटली उघडली.

"बुधवारी मी करते. तुम्ही फक्त उभे राहा."

"नको."

"का नको?"

"नको म्हटलं ना."

त्यांनी पदराला हात पुसले, पिशवी उचलली आणि एकट्याच घरी गेल्या. पातेली मी घासली. तो साच्याला तेल लावत बसला होता.

पुढच्या आठवड्यात कँटीन बाहेरच्या माणसाकडे गेलं. तो कागदात गुंडाळलेले बर्गर आणतो, वर चीजचा चौकोन. लोक निमूट खातात. मावशींनाही त्यांत काही वावगं दिसत नाही.

मी त्याच्याशी दोन आठवडे बोललो नाही. मग एका सोमवारी तोच म्हणाला, "काल का नाही आलास? बर्गर केले होते."

"कसे केले?"

"कसे म्हणजे? हाताने."

मी त्याच्या प्रेससमोर उभाच राहिलो. आत रबर शिजत होतं आणि बझर वाजायला दोन मिनिटं होती. "मग साहेबांना नकार का दिलात?" मी विचारलं. "चाळीस माणसांनी बोटं चाटली असती. आज तुम्ही त्या कँटीनमध्ये असता. तुम्हाला कळतंय का, काय केलंत ते?"

मला वाटलं, आता कवी म्हणेल, चिठ्ठ्या चिकटव म्हणेल. त्याने प्रेसच्या काट्याकडे बघत उत्तर दिलं.

"घरी दोघं असतो. तिने नाक मुरडलं तर मी म्हणतो, तुला कळत नाही. संपला विषय. इथे चाळीस जण आहेत."

"मग?"

"साच्यातनं वाईट निघालं तर साचा वाईट. हसले तर साच्याला हसले." तो थांबला. "हाताने केलेलं वाईट निघालं असतं तर?"

"निघालं नसतं."

"तुझं तू बघ."

बावीस वर्षं हा माणूस लोकांचा माल भंगारात फेकत आला होता.

बझर वाजला. त्याने साचा उघडला, कडी काढली, नवं रबर ठेवलं. मग उजव्या हाताने दांडा धरला, डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार दिला आणि सगळं अंग मागे टाकून तो खाली ओढला.