खोली सोडायला शिकवणाऱ्या अक्का

साताऱ्याच्या एसटी डेपोत फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली आडवा होतो. "माधवनगरच्या अक्का गेल्या," शिपायानं वाकून सांगितलं. मी "बरं" म्हणालो आणि हातातला नट पूर्ण आवळला. मग हात धुतले, डबा खाल्ला... भूकही नेहमीसारखीच लागली होती. त्याला दीड महिना झाला. अजून माझ्या आत काही हललेलं नाही, आणि याचीच मला भीती वाटते.

अठरा पूर्ण झाली की अनाथाश्रम सोडावा लागतो. नव्वदच्या सुमाराला मीही पत्र्याची ट्रंक घेऊन बाहेर पडलो आणि सांगलीच्या स्टँडवर झोपू लागलो. तिथून मला अक्कांनी उचललं. अक्का गिरणीत राबलेल्या, एकट्या, चांगल्याच फटकळ. माधवनगरच्या चाळीतल्या तीन खोल्या त्यांनी माझ्यासारख्या पोरांसाठी ठेवल्या होत्या. खोली द्यायच्या, कामाला लावायच्या, स्वयंपाक मात्र ज्याचा त्यानं करायचा. "आयतं ताट मिळालं तर जन्मात उठायचा न्हाईस तू," म्हणायच्या.

आश्रमाच्या स्वयंपाकघरात वाढलेला मी, मोठ्या तोऱ्यात कामाला लागलो. पण माझा हात बसलेला पंगतीच्या स्वयंपाकाला. एकट्या माणसाला डाळ किती लागते, हे कुठं ठाऊक होतं! महिन्याची डाळ एका वेळी शिजली. अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "आरं, लगीन हाय का काय कुणाचं?" मग त्यांनी सगळ्या चाळीला वाट्या घेऊन बोलावलं. आपल्या दारात आलेल्या माणसाला मी त्या दिवशी पहिल्यांदा वाढलं.

एकदा मी त्यांना आई म्हणालो. "आई म्हणू नगंस," त्या तुटकपणे बोलल्या, "आईचं घर सुटत न्हाई. तुला ही खोली सोडायची हाय." पुढं साताऱ्याला नोकरी लागली, तेव्हा त्यांनी किल्ली मागून घेतली. मी पायऱ्या उतरेपर्यंत त्यांनी पुढच्या पोरासाठी खोली रंगवायला चुन्याची बादली आत नेलीसुद्धा. ते मला फार लागलं. दिवाळीला जायचो, पण परक्यासारखा बसून यायचो. मी त्यांचा कोण, हे विचारायचं धाडस कधी झालं नाही... आणि आता विचारणार कुणाला?

गेल्या रविवारी माधवनगरला गेलो. माझ्या खोलीत आता बाळू राहतो, नुकतं मिसरूड फुटलेला. त्यानं दार उघडलं, मला निरखून पाहिलं आणि म्हणाला, "तुमी साताऱ्याच्या एसटीतलं दादा न्हवं? अक्का सांगून गेल्यात, काय अडलं तर त्याच्याकडं जा. आपल्या घरातला थोरला हाय त्यो."

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. रडू तेव्हाही आलं नाही.

"मग, काय अडलंय?" मी विचारलं.

"स्टो पेटत न्हाई, दादा. दोन दिस झालं."

मी आत गेलो, बाह्या वर सारल्या आणि स्टोव्ह खोलायला बसलो.